दुसऱ्या हातचा घास

(वारणानगरची कामगार वसाहत. भर दुपार. मागच्या दाराला आतून कडी. मीनाबाई दाराबाहेर परसात, धुण्याच्या दगडावर बसलेली. आत तिची लेक संघप्रिया, आणि तिच्यापुढं मांडी घालून बसलेला सार्थक. मीनाबाईचा नवरा बाळासो बाहेर गेलेला.)

संघप्रिया: आई, दारापासनं सरक की जरा. तुझी सावली फटीतनं आत येतीय, तो तिकडंच बघतोय.

मीनाबाई: सरकले, बाई. उन्हात आले बघ पार. खाल्लं का?

संघप्रिया: नाही.

मीनाबाई: एक घास बी न्हाय?

संघप्रिया: ओठाला लावला की मान फिरवतोय. आणि हळू बोल, आवाज येतोय आत.

मीनाबाई: हळूच बोलतीया. भाकरीच्या कडा काढल्यास न्हवं? कडंचा तुकडा टोचतोय त्येला.

संघप्रिया: काढल्या.

मीनाबाई: दूध गार झालं असंल. गार दूध त्यो जिभंनं भाईर ढकलतो.

संघप्रिया: दोनदा गरम केलं, आई.

मीनाबाई: मग डाव्या गालात घाल. उजवीकडं त्येला—

संघप्रिया: उजवीकडं त्याला चावता येत नाही. माहीत आहे मला. माझा भाऊ आहे तो. आणि इचलकरंजीला दवाखान्यात लकवा झालेल्या म्हाताऱ्यांना रोज भरवते मी. सगळे खातात माझ्या हातनं. एक आजोबा तर दुसऱ्या सिस्टरच्या हातनं खातच नाहीत.

मीनाबाई: खातील की. भूक लागल्यावर त्यास्नी काय, कुनाचा का हात असंना. ह्येचं तसं न्हाय, संघे. तू आई न्हाईस एवढं त्येला बराबर कळतंय. बाकी काय बी कळू नाय कळू.

संघप्रिया: काल सकाळी तुझ्या हातनं खाल्लं तेवढंच. त्यानंतर नुसतं पाणी.

मीनाबाई: पाणी तरी पितोय न्हवं?

संघप्रिया: पितोय. बाटलीचं तोंड दातात धरतो आणि ओढतो. त्याला कुणीही चालतं.

मीनाबाई: पाण्याला आई लागत न्हाय त्येला. जेवायला लागती.

संघप्रिया: आई, असं लाडानं बोलू नकोस ते. उद्या सकाळी आपल्याला कोल्हापूरला दवाखान्यात पोचायचंय. परवा तुझं ऑपरेशन. पोटातली गाठ काढायची म्हणजे काय दात काढायचा आहे का? पंधरा दिवस तू तिथं. घरी आलीस तरी महिना-दीड महिना उठायचं नाही, वाकायचं नाही. तोवर हा काय हवेवर जगणार?

मीनाबाई: म्या म्हटलंतं की, संग नेऊया. माज्या खाटंखाली चटई टाकली की पडून राहील बिचारा.

संघप्रिया: बायकांच्या वॉर्डात बावीस वर्षांचा पोरगा कोण घेईल?

मीनाबाई: बावीस म्हंजे काय. त्येला काय कळतंय बाई आन बुवा?

संघप्रिया: ते तुला माहीत आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईला? तिला दाढीमिशीवाला पुरुष दिसणार.

मीनाबाई: दाढीचं बरं काढलंस. दाढी करताना आधी त्येच्या हातात फणी द्यायची. फणी हातात असली की हलत न्हाय. तुज्या आबास्नी सांगून ठेव.

संघप्रिया: आधी जेवण. दाढीचं नंतर बघू.

बाळासो: काय म्हणतोय पैलवान? जेवला का न्हाय?

संघप्रिया: आबा, हळू बोला. आई मागं बसलीय.

बाळासो: मागं बसलीया हे सगळ्या कॉलनीला ठाव हाय. शेजारची मोना इचारत हुती, काका, काकी भांडून भाईर बसल्यात का म्हणून.

मीनाबाई: सांगायचं की, हाकललंय म्हणून.

बाळासो: सांगितलं. म्हणली, एवढ्या उशिरा कसं सुचलं?

मीनाबाई: खरं बोलली पोरगी.

संघप्रिया: तुमचं दोघांचं झालं असेल तर... तो परत दाराकडं बघायला लागला.

बाळासो: आण ते ताट हिकडं. तुमचं बायकांचं सगळं चुचकारण्यात जातंय. बॉयलरम्होरं जलम गेला माजा. दमानं घेतलं की सगळं वाटंवर येतंय. काय पैलवान? मैदान मारायचं न्हवं? आं कर. ह्यो बघ, ह्यो घास आबाचा. आं... आं... आयला.

मीनाबाई: काय झालं?

संघप्रिया: शर्टावर थुंकला त्यांच्या.

मीनाबाई: त्रिसरण म्हटलं का आधी? पैला घास त्रिसरण म्हणून भरवायचा असतोय त्येला.

बाळासो: म्हटलं की मनातल्या मनात.

मीनाबाई: मनातल्या मनात त्येला ऐकू येतंय व्हय?

बाळासो: पैलवान, आता मस्करी बास. आं कर. कर म्हणतो न्हवं!

संघप्रिया: आबा, जबडा नका दाबू! आबा, सोडा!

मीनाबाई: अवं, तोंडाला हात लावू नगा त्येच्या! संघे, ताट घे त्यांच्याकडनं!

बाळासो: घे बाई, घे. कायबी केलं न्हाय मी. दात आवळून बसलाय बघ कसा. एवढा जोर त्या पायात असता तर...

मीनाबाई: तर काय?

बाळासो: काय न्हाय.

संघप्रिया: आबा, एक बघितलंत का? मघापासनं तो एकदा मागच्या दाराकडं बघतो आणि एकदा पुढच्या. पुढच्या दारात काय आहे?

बाळासो: काय असायचंय. चपला हायत.

संघप्रिया: कुणाच्या?

बाळासो: तुज्या. माज्या. आन... ह्या तुज्या आईच्या न्हवं का?

संघप्रिया: आई! तू अनवाणी बसलीयस?

मीनाबाई: परसात यायला कोण चपला घालतंय? रात्री बी हितंच मागच्या पडवीत निजले की.

संघप्रिया: झालं. काल सकाळपासनं आपण त्याला आई गावाला गेली, आई गावाला गेली म्हणून सांगतोय, आणि तुझ्या चपला दारात.

मीनाबाई: माजं ध्यान कसं गेलं न्हाय म्हन्ते मी. मीच शिकिवलंय की त्येला. बारका हुता तवा दुकानाला निघाले की रडून आकांत करायचा. मग मी चपला त्येला दाखवून घालायची. चपला पायात म्हंजे आई भाईर, चपला दारात म्हंजे आई घरात. तवापासनं रडायचा थांबला. तेवढं एक पक्कं कळतंय त्येला.

संघप्रिया: म्हणजे तो हट्ट नाही करत. त्याला वाटतंय आई घरात आहे, येईलच. तो वाट बघतोय नुसती. आबा, त्या चपला उचला. पटकन. त्याच्या समोरनं न्या, बघू दे त्याला.

बाळासो: कुटं ठेवू?

संघप्रिया: कुठंही. स्कूटरच्या डिकीत टाका.

मीनाबाई: बघतोय का त्यो?

संघप्रिया: बघतोय. आबांच्या हाताकडं बघतोय. उठला. भिंत धरून दाराकडं निघालाय.

मीनाबाई: आता कालवा करील. ताट घिऊन जा त्येच्या मागनं.

संघप्रिया: रडत नाही, आई. खाली बसला. जिथं चपला होत्या तिथं हात फिरवून बघतोय.

मीनाबाई: व्हय. दुकानाला गेल्यावर तसाच बसतो. गुमान बसतो. आता दे घास. आता आई घरात न्हाय म्हटल्यावर खाईल.

संघप्रिया: सार्थक, बाळा, हे बघ. ताई आहे ना. आं कर. आई गेली दुकानाला. आपण जेवूया का? आं...

बाळासो: काय करतोय?

संघप्रिया: माझ्याकडं बघत पण नाही. रस्त्याकडं बघतोय.

बाळासो: जरा थांब की. ऊन उतरू दे.

संघप्रिया: आबा, तो थांबलाच आहे. आई, दुकानाला गेल्यावर तू येईपर्यंत तो कधी काही खातो का?

मीनाबाई: आं?

संघप्रिया: मोनानं बिस्कीट दिलं, कुणी केळं दिलं. खातो?

मीनाबाई: न्हाय. हातात धरून बसतो. मी आल्यावर खातो.

संघप्रिया: मग संपलं. चपला दारात असल्या की आई येणार म्हणून थांबतो, आणि नसल्या की आई येणार म्हणून थांबतो.

बाळासो: मग करायचं काय?

संघप्रिया: मला काय विचारता? तुम्ही बाप आहात.

बाळासो: बाप हाय म्हणूनच इचारतोय. म्या आजवर एक घास भरिवला न्हाय त्येला. मला कुटलं कळायला?

मीनाबाई: नळीचं काय म्हणत हुतीस, संघे?

संघप्रिया: नळी घालता येते नाकातनं. पण मागं न्यूमोनिया झाला तेव्हा घातली होती, तर किती वेळा उपसली त्यानं? रक्त यायला लागलं. शेवटी हात बांधले होते त्याचे. घरी पंधरा दिवस हात बांधून ठेवायचा का?

मीनाबाई: नगं. नगं बाई. हात बांधल्यावर कसा बघत हुता माज्याकडं.

संघप्रिया: आई, तुझा मोबाइल आहे ना जवळ? मी फोन लावते. तू फोनवर बोल, जेवताना त्याच्याशी बोलतेस तसंच. मी स्पीकर लावून ताटाजवळ ठेवते.

बाळासो: फोननं खाणार व्हय त्यो?

संघप्रिया: बघू तर. हात माझा, आवाज तिचा. मोरीपलीकडं जा, आई, म्हणजे खरा आवाज आत यायचा नाही.

मीनाबाई: गेले. लाव. ...हालो. हालो, संघे?

संघप्रिया: बोल. चालू आहे. त्याच्याशी बोल.

मीनाबाई: ए राजा. ए माज्या सोन्या. कोण जेवणार? कोण जेवणार आज? आमचा साहेब जेवणार. साहेबाचं पोट कुटं हाय? आं कर. आं...

संघप्रिया: आं केलं! आबा, बघा. आई, आं केलं त्यानं. थांबू नको, बोल.

मीनाबाई: कुनाचं बाळ हाय? आईचं बाळ हाय. ह्यो चिऊचा, ह्यो काऊचा, ह्यो आबाचा. आबा कामाला गेला, त्येच्या वाटणीचा कोण खाणार?

संघप्रिया: गेला! घास गेला तोंडात.

बाळासो: शाब्बास रं पैलवान! गिळला?

संघप्रिया: नाही अजून. गालात धरलाय. फोनकडं बघतोय.

बाळासो: उचलून बघायलाय फोन. खाली हाय का आई म्हणून.

मीनाबाई: संघे, अंगठा. गळ्यावर अंगठा ठेव, वरनं खाली फिरव हळू. त्याबिगार गिळत न्हाय त्यो.

संघप्रिया: फिरवतीय.

मीनाबाई: लई दाबू नगं. लोणी लावल्यागत फिरव.

संघप्रिया: आई, तो माझा हात बघतोय. हात ढकलतोय. आई, रडायला लागला. तोंडात घास आहे आणि—

मीनाबाई: काढ! बोट घालून काढ तो घास!

बाळासो: ठसका लागला. ए, ठसका लागला त्येला!

संघप्रिया: पुढं वाकवा त्याला. आबा, छातीखालनं हात घाला. धरा घट्ट. मी पाठीवर मारते.

मीनाबाई: कडी काढा! अवं, कडी काढा! बाळा! ए बाळा!

बाळासो: दार बडवू नगंस, मीना!

संघप्रिया: निघाला. निघाला घास. श्वास घेतोय. आई, बरा आहे. बरा आहे तो.

मीनाबाई: ओठ बघ. नखं बघ.

संघप्रिया: बघितली. लाल आहेत. रडतोय मोठ्यानं. ऐकू येतंय ना?

मीनाबाई: येतंय.

संघप्रिया: बस मग जरा. तू पण बस खाली.

मीनाबाई: बसायचं न्हाय मला. आता बास झालं. कडी काढा.

बाळासो: न्हाय काढायची.

मीनाबाई: काय म्हणालासा?

बाळासो: न्हाय काढायची म्हणालो. आत आलीस की तू उद्या जाणार न्हाईस. वळाकतो मी तुला.

मीनाबाई: त्यो रडायलाय आत.

बाळासो: रडू दे. आज रडू दे.

मीनाबाई: संघे, तू तरी काढ.

संघप्रिया: आई, मी सहावीत होते. आठवतंय? मी भरवत होते त्याला, असाच ठसका लागला होता.

मीनाबाई: निळा पडलता त्यो.

संघप्रिया: पडला होता. मग बरा पण झाला. पण तू माझ्या हातनं ताट काढून घेतलंस ते कायमचंच. आबांना नाही, आजीला नाही, मला नाही. ह्या घरात त्याला जेवू घालायचं म्हणजे फक्त तू. मामाच्या लग्नाला तू गेली नाहीस. माझ्या बाळंतपणाला दवाखान्यात आलीस ती तासाभरात परत, त्याच्या जेवणाची वेळ झाली म्हणून.

मीनाबाई: मग काय करायचं हुतं? तुमी शिकंपतोर त्येला मारायचा हुता?

संघप्रिया: तेव्हा शिकला असता गं तो. आम्ही पण शिकलो असतो. केवढासा होता. चार ठसके लागले असते, चार दिवस उपाशी राहिला असता, तू जवळ बसली असतीस. आता शिकवायला वेळ कुठं आहे?

मीनाबाई: माज्या जिवाला जे झेपलं ते केलं म्या. आता त्येचा हिशेब मांडतीस व्हय दाराआडनं?

संघप्रिया: मांडत नाही. मला राग येतोय, एवढंच. तुझा नाही. कुणाचा ते मलाच कळत नाही.

बाळासो: मीना, एक सांगायचं ऱ्हायलंय तुला.

मीनाबाई: आता काय?

बाळासो: गगनबावड्याच्या वाटंला एक संस्था हाय. अशी पोरं सांभाळत्यात. आमच्या शिफ्टातल्या उदयसिंहाच्या भावाचा पोरगा तितं असतोय. मी जाऊन आलतो.

मीनाबाई: कवा?

बाळासो: तुजा रिपोर्ट आला त्या आठवड्यात.

मीनाबाई: मला न इचारता?

बाळासो: इचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस? चांगली माणसं हायत. खोल्या सोच्छ हायत. त्यास्नी एकच पायजे. पोरगं कुनाच्या बी हातनं जेवाय पायजे. तितं माणसं बदलत असत्यात. जेवतो का म्हणून इचारलं त्यांनी. मी व्हय म्हणालो.

मीनाबाई: खोटं बोललासा.

बाळासो: खोटं बोललो. म्हटलं, शिकवू.

मीनाबाई: म्हंजे ही पंधरा दिसाची तालीम न्हवं. माज्या माघारीची हाय.

बाळासो: दोन्हीची हाय.

मीनाबाई: संघे, तुला ठाव हुतं?

संघप्रिया: हो.

मीनाबाई: डॉक्टर काय म्हणालं, परत सांग.

संघप्रिया: आई, सांगितलंय तुला.

मीनाबाई: परत सांग. तवा मी त्येच्या दुधाकडं बघत हुते. धड ऐकलं न्हाय.

संघप्रिया: गाठ साधी नाही. आत्ता काढली तर वाचायची आशा आहे. नंतर औषधं, इंजेक्शनं, सहा-आठ महिने कोल्हापूरला ये-जा. केस जातील, उलट्या होतील. पण आशा आहे.

मीनाबाई: आन न्हाय काढली तर?

संघप्रिया: तर वर्षभर. कमी पण असेल.

मीनाबाई: वर्सभर उठतं-बसतं?

संघप्रिया: सगळं वर्ष नाही. निम्मं.

मीनाबाई: निम्म्या वर्सात किती जेवणं झाली?

संघप्रिया: असं काय विचारतेस गं?

मीनाबाई: तेवढी तरी पोटभर जेवंल म्हन्ते मी.

संघप्रिया: आणि त्यानंतर? त्यानंतर आज जे झालं तेच होणार, आई. उलट तेव्हा दाराबाहेर तू पण नसशील.

मीनाबाई: व्हय. म्हणून बघाय बी लागणार न्हाय मला. तुमास्नी वाटत असंल ही बाई येडी हाय. न्हाय. मला समदं कळतंय. मी गेल्यावर त्यो उपाशी ऱ्हाणार, मग आजारी पडणार, मग नळी घालणार, हात बांधणार. समदं म्होरं दिसतंय मला. पर ते मी गेल्यावरचं हाय. आज मी जिती हाय, आन त्यो दाराच्या त्या अंगाला उपाशी रडायलाय. हे न्हाय जमत मला. माज्यानं होत न्हाय.

बाळासो: आन माजं काय?

मीनाबाई: तुमचं काय?

बाळासो: मला भ्या वाटतंय, मीना. तू गेल्यावर ह्या घरात आमी दोघंच. त्यो रोज त्या दारात बसणार, जितं तुज्या चपला असत्यात तितं. आन मी ताट घिऊन त्येच्याम्होरं. किती दिस? सांग की, किती दिस बसू? तू बघाय नसशील. मी असणार हाय.

मीनाबाई: ठाव हाय मला.

बाळासो: मग उद्या चल. पाया पडतो तुज्या.

मीनाबाई: ऐका जरा.

बाळासो: काय ऐकू?

मीनाबाई: रडायचा थांबलाय त्यो. दमून न्हाय थांबला. भुकेनं थांबलाय. आता मूठ चोखत असंल. बघा.

संघप्रिया: चोखतोय.

मीनाबाई: मला हितनं दिसतंय. कडी काढा.

संघप्रिया: आबा, काढा.

बाळासो: तू बी? कालपासनं तूच म्हणत हुतीस, दार उघडायचं न्हाय, कायबी झालं तरी.

संघप्रिया: म्हणत होते. मला वाटलं, मी रोज परक्या माणसांना बघते, मला जमेल. नाही जमत. त्याची जीभ कोरडी पडलीय, आबा. काढा.

बाळासो: मी न्हाय काढणार. तुला काढायची असंल तर काढ.

संघप्रिया: सरका मग.

मीनाबाई: कुटं हाय माजा साहेब? कुटं हाय? ये, ये. व्हय, आली आई. व्हय रं, व्हय. कोण ठेवून गेलतं तुला? हळू, हळू, पोटाला धक्का लागतो राजा. असा कुशीला ये. संघे, दुधात जरा नवी भाकरी कुस्कर. ती पार चोथा झालीया.

संघप्रिया: घे. केली.

मीनाबाई: हात पुसू दे. त्रिसरण म्हणूया का? बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि. आता आं कर. आं... हां. ह्यो बघा, कसा खातोय. दमानं, दमानं. कोण न्हेत न्हाय ताट.

संघप्रिया: आई, पुढचा घास देताना माझा हात तुझ्या हाताखाली धरू दे. नुसता धरते. त्याला सवय तरी होईल.

मीनाबाई: धर.

संघप्रिया: सार्थक, आं कर बाळा...

मीनाबाई: बघ, थांबला. तुज्या बोटाकडं बघायलाय. काढ हात, संघे. जेवू दे त्येला.

संघप्रिया: उद्या परत बघू?

मीनाबाई: बघू. रोज बघू. मी हाय तोवर रोज बस माज्याजवळ.

संघप्रिया: मला रोज कसं येता येणार, आई? माझी पोरं आहेत तिकडं. नोकरी आहे.

मीनाबाई: ठाव हाय गं. नुसतं म्हटलं. आं कर, राजा. ह्यो घास ताईचा.

बाळासो: मीना.

मीनाबाई: आता काय?

बाळासो: दवाखान्यातनं फोन आलाय. खाट धरून ठेवलीया, उद्या नक्की येताय न्हवं म्हणून इचारायल्यात. काय सांगू?

मीनाबाई: सांगा, ती पोराला जेवू घालतीया, आत्ता उठता येत न्हाय तिला.